पहिली गोधडी : कात्रण स्वस्त, टाका महाग

कापडाच्या बाजारात कात्रणाला कोणी माल म्हणत नाही. ताका वारावर मोजला जातो, कटपीस तुकड्यावर विकला जातो, फेंटालाही बरा भाव मिळतो. परंतु शिलाईच्या कारखान्यातले कात्रण गोणीत भरून किलोवर जाते आणि ते पुढे कोठे गेले याची चौकशी कोणी करीत नाही. हेच कात्रण गोधडी होऊन, चांगल्या दुकानाच्या काचेआड टांगलेले दिसले म्हणजे मात्र आपल्या व्यापारी बांधवांचे डोळे उघडतात. मग प्रश्न सुरू होतात. आमच्याकडे तर गोण्या पडून आहेत, मोहल्ल्यात शिवणाऱ्या बायका आहेत, हा धंदा आपण का करू नये?

जरूर करावा. परंतु ज्याने एकही गोधडी शिवलेली नाही, निदान घरात शिवताना शेवटपर्यंत पाहिलेली नाही, त्याने मजुरीचा भाव ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेख पहिल्या गोधडीबद्दल आहे. ती शिंप्याने शिवावी, कारखानदाराने घरी शिवून घ्यावी किंवा एखाद्या बहिणीने स्वतःच्या हौसेने हाती घ्यावी, पद्धत एकच.

पहिली गोधडी मोठी नसावी. लहान मुलाचे दुपटे करावे, ३६ इंच रुंद आणि ४८ इंच लांब. पलंगाची गोधडी काढून बसणारे नवशिके निम्म्यावर सोडतात आणि ती पुढे पेटीत पडून राहते. दुपटे पुरे होते, वापरात येते, आणि त्यात मोठ्या गोधडीतले सगळे बारकावे शिकायला मिळतात.

चौकोनाचा हिशेब

आजकाल परदेशी पद्धतीची नक्कल फार चालते. सारखे चौकोन कापायचे, मशीनवर एकमेकांना जोडायचे, मग खाली अस्तर, मध्ये भराव घालून पुन्हा सगळे शिवायचे. दिसायला सुबक असते, यात वाद नाही. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब करून पाहा.

दुपट्यासाठी तयार ४ इंचांचे चौकोन धरले, तर ९ गुणिले १२ म्हणजे १०८ चौकोन लागतात. नवख्या हाताला चारही बाजूंनी अर्धा इंच दाब सोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक चौकोन ५ इंचांचा कापायचा. १०८ चौकोनांना २,७०० चौरस इंच कापड गेले. दुपटे झाले १,७२८ चौरस इंचांचे. बाकीचे ९७२ चौरस इंच, म्हणजे शेकडा ३६ कापड, शिवणीच्या आत गेले. तेच चौकोन तयार ६ इंचांचे धरले तर ४८ पुरतात आणि शिवणीत जाणारे कापड शेकडा २७ च्या आत येते. हात बसलेला शिंपी पाव इंच दाबावर काम करतो, त्याच्याकडे ४ इंचांच्या चौकोनालाही शेकडा २१ पेक्षा जास्त जात नाही. परंतु पाव इंचाचा दाब सरळ सांभाळणे हे पहिल्या दिवसाचे काम नाही.

शिवण वेगळी मोजावी. १०८ चौकोन नुसते एकमेकांना जोडण्यात सुमारे २२ वार शिवण जाते. इतके करूनही गोधडी झालेली नसते, फक्त वरचा पदर झालेला असतो. अस्तर आणि भरावासहित सगळे बांधण्याचे काम अजून बाकीच आहे, आणि कडेला गोट लावायचा तोही वेगळा. शिवाय चौकोनांचे कोपरे एकमेकांसमोर यावे लागतात. एक ओळ जरा सरकली की पुढच्या सगळ्या ओळी वाकड्या जातात आणि नवशिका उसवत बसतो.

आपल्या देशी पद्धतीत हा दुहेरी खर्च नाही. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, उर्दू घरांतली गुदडी म्हणा, सीमेपलीकडची कानडी कौदी म्हणा, धावदोऱ्याचा एकच टाका ठिगळही बसवतो आणि सगळे थरही एकत्र बांधतो. कापड सारख्या मापाने कापण्याची गरज नाही. जसे कात्रण आले तसे लावायचे. सिंध, कच्छ आणि थरच्या रल्लीतही हा टाका आहे, मात्र तिथे वरच्या पदराची मांडणी फार मोजूनमापून करतात, ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या गोधडीसाठी ठेवावे.

नवशिक्याला सर्वांत सोयीची वाटावी अशी पद्धत मला कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची दिसते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेलेले, पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून ठेवलेल्यांपैकी बरेच जण पळून या जंगलात आले. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत, आणि घरात कोकणीच्या जवळची बोली बोलतात. २००३ मध्ये त्यांना तिथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. या बायका जुन्या कपड्यांची जी गोधडी करतात तिला ‘कवंदी’ म्हणतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कला-इतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूवल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि २००४ मध्ये तिथल्या बायकांची गोधडीची सहकारी मंडळीही सुरू झाली. त्यानंतर परदेशातील संग्रहालयांत कवंदी गेली. अंगणात अंथरण्याची चीज संग्रहालयाच्या भिंतीवर चढली! ‘गुदडी का लाल’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो, इथे ती गुदडीलाच लागू पडली.

कवंदी कडेपासून सुरू होते आणि मध्यावर संपते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सोपे आहे. परंतु सुई हाती घेण्यापूर्वी कापडाचे पाहिले पाहिजे, कारण नवशिक्याची निम्मी गोधडी कापड निवडतानाच बिघडते.

कात्रण पारखावे कसे

गोणीतले कात्रण एका जातीचे कधीच नसते. सुती, टेरिकॉट, निव्वळ पॉलिएस्टर, वर चमकीचे तुकडे, सगळे मिसळलेले असते. पहिल्या गोधडीला फक्त सुती घ्यावे. पोपलीन, केम्ब्रिक, सुती शर्टिंग, जुनी धुऊन मऊ झालेली साडी, हे उत्तम. हाताला संशय आला तर दोरा ओढून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख भुकटी होते. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि टोकाला कडक मणी राहतो. मिश्र दोऱ्यात दोन्ही खुणा दिसतात. ही पारख प्रत्येक कापडवाल्याला माहीत आहे, पण कात्रणाच्या बाबतीत कोणी तसदी घेत नाही.

सुती आणि पॉलिएस्टर शेजारी बसवले तर काय होते? पहिल्या धुण्यात सुती आटते, पॉलिएस्टर तसेच राहते आणि दोघांच्या मध्ये सुरकुत्या पडतात. गिऱ्हाईक म्हणते शिवण खराब आहे. शिवण करणारीचा त्यात काही दोष नसतो.

कात्रण गरम पाण्यात भिजवून धुऊन घ्यावे. कोऱ्या कापडात खळ असते, ती गेल्याशिवाय कापड खरे किती आटते ते कळत नाही आणि सुईही अडते. रंगाची परीक्षा याच वेळी व्हावी. लाल, गडद निळा, काळा, मरून हे तुकडे वेगवेगळ्या वाटीत गरम पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर ठेवावेत. चिंधी रंगली तर तुकडा बाजूला काढावा. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रंग पक्का होतो, हे आपण घराघरांत ऐकतो, परंतु बाजारातल्या रंगवलेल्या कापडाचा कच्चा रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. अशा तुकड्याचा मोह सोडावा, तो कितीही देखणा असो.

आणखी एक बाब शिंपीबांधवांना सांगायला नको, इतरांसाठी लिहितो. कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही, उरेब ओढले तर ताणते. मुंढ्याचे, गळ्याचे कात्रण गोलाईत कापलेले असते, त्याची कड उरेब असते. असे तुकडे गोधडीच्या बाहेरच्या कडेला लावले तर कड लाटेसारखी होते. ते आतल्या फेऱ्यांना वापरावेत. कडेला सरळ दोऱ्यात कापलेले तुकडेच हवेत.

जीन्सचे कात्रण मजबूत असते म्हणून पुष्कळांना त्याचा मोह होतो. हातसुईने पहिल्या गोधडीला ते घेऊ नये, बोटे सोलून निघतात.

भरावाचेही बोलले पाहिजे. आपल्याकडे पिंजारी बांधवांचा पिढीजात धंदा कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचा. ते काम वेगळ्या हुनराचे आहे. पिंजलेला कापूस सारखा पसरणे आणि तो जागेवर राहील अशी तगाई करणे नवशिक्याला साधत नाही, पहिल्या दोन-तीन धुण्यांत त्याचे गोळे होतात. दुपट्यात जुन्या सुती कापडाचे दोन थर घालावेत, बस. अंथरलेले कापड गोळा होत नाही, धुता येते आणि लवकर वाळते. वरची ठिगळे, मधले दोन थर आणि खालचे अस्तर मिळून एवढे दुपटे अर्ध्या किलोच्या थोडे वर भरते. त्यात ठिगळांचे कात्रण पाव किलोच्या आतबाहेर लागते.

सुई चालू झाल्यावर

अस्तर ३८ बाय ५० इंचांचे कापावे, चारही बाजूंनी एक-एक इंच आत दुमडायला राहील. अस्तर उलटे करून स्वच्छ फरशीवर पसरावे, चार कोपऱ्यांवर वजन ठेवावे. त्यावर मधले थर ३६ बाय ४८ चे, हाताने मध्यापासून बाहेर साफ करीत अंथरावेत. अस्तराची कड त्यांच्यावर दुमडावी. मग सगळ्या थरांतून चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घालावेत. कच्च्या टाक्यांचा अनेकांना कंटाळा येतो. ते घातले नाहीत तर खालचे अस्तर कोठे सरकले ते गोधडी उलटी केल्यावरच दिसते, आणि तोपर्यंत वेळ गेलेली असते.

आता एका कोपऱ्यापासून पहिला तुकडा लावावा. त्याची बाहेरची कड आत दुमडून अस्तराच्या दुमडीला बरोबर मिळवावी आणि दोन्ही मिळून कडेला धावदोरा घालावा. शेजारचा तुकडा पहिल्यावर अर्धा इंच चढवून, चढणारी कड दुमडून. असे चारही बाजूंनी फिरून यावे. वेगळा गोट किंवा मगजी लावण्याची गरज राहत नाही. तुकड्यांची आतली कड तशीच उघडी राहू द्यावी, पुढच्या फेरीचा तुकडा दुमडलेल्या कडेने तिला झाकतो.

मग सुई थांबवायची नाही. पहिल्या ओळीच्या आत अर्ध्या इंचावर दुसरी, तिच्या आत तिसरी, असे चौकोनी फेरे घेत मध्याकडे जायचे आणि जिथे तुकडा संपेल तिथे नवा लावायचा. शेवटचा तुकडा मध्यावर बसतो, तो चारही बाजूंनी दुमडून. सिद्दी बायका चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

दोरा सुती आणि जरा जाड असावा, लांबी एका हाताएवढीच. लांब दोरा घेतला म्हणजे ओवण्याचा त्रास वाचतो असे वाटते, पण तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासून अर्ध्यावर पिसतो. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. चार थरांतून दिवसभर सुई ढकलायची तर त्याला पर्याय नाही. टाका इंचात पाच यावा, नवख्याचे चार आले तरी चालतील, पण सारखे यावेत. दोरा ओढून घट्ट करू नये. घट्ट दोऱ्याने कापड चुणते आणि सगळा झोळ मध्याकडे ढकलला जातो. प्रत्येक फेरा झाला की गोधडी पुन्हा फरशीवर पसरून हात फिरवावा. फुगवटा दिसला तर त्याच फेऱ्यात उसवावे, पुढे मध्यावर तो कोणालाच काढता येत नाही.

रंगसंगतीचे मी फार लिहीत नाही. एकच सांगतो, ज्या रंगाचे कात्रण पुष्कळ आहे तो रंग सगळीकडे थोडा-थोडा पसरावा, एका कोपऱ्यात संपवू नये. बाकी बायकांना आपल्यापेक्षा जास्त समजते.

टाक्याची मजुरी

अर्ध्या इंचावर फेरे घेतले तर या दुपट्यात ३,४५६ इंच, म्हणजे ९६ वार धावदोरा जातो. ६० बाय ९० इंचांच्या मोठ्या गोधडीत हाच आकडा ३०० वारांवर जातो. एवढे अंतर सुईने कापायचे आहे. पहिले दुपटे शिवताना घड्याळ जवळ ठेवण्याचे कारण हेच. एक वार शिवायला किती मिनिटे लागली ते रोज वहीत लिहावे. कापड दुमडणे, दोरा ओवणे, उसवणे यांची मिनिटेही त्यातच धरावीत, ती वगळली तर हिशेब खोटा होतो.

समजा हात बसलेल्या बाईला एका वाराला १० मिनिटे लागली. दुपट्याला १६ तास झाले. मोठ्या गोधडीला ५० तास, म्हणजे रोज आठ तास बसली तर सहा दिवसांहून जास्त. आणि घरकाम, मुले, पाणी सांभाळून कोणती बाई रोज आठ तास सुई धरते? आता समजा एखाद्या व्यापाऱ्याने त्या मोठ्या गोधडीची मजुरी ५०० रुपये ठरवली. नग म्हणून आकडा बरा दिसतो. तासाला १० रुपये पडले.

हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका घाऊक खरेदीदाराने आमच्या दुकानात बसून गोधडीचा भाव किलोवर विचारला होता. त्याच्या मते माल कात्रणाचा, तेव्हा भावही कात्रणाच्या हिशेबाने, वर थोडी शिलाई. गोधडी शिवणाऱ्या एक वयस्कर बाई तेव्हा माल घेऊन आल्या होत्या. मी त्यांना म्हटले, “खाला, ही शिवायला किती दिवस गेले, यांना सांगा.” त्यांनी तास सांगितले नाहीत, दिवसही नाहीत. “तीन जुमे गेले भाई,” एवढेच म्हणाल्या आणि गोधडीची घडी करू लागल्या. खरेदीदाराने ते ऐकले, पण त्याच्या कागदावर जुम्याचा रकाना नव्हता. सौदा झाला नाही.

इथेच आपल्या धंद्याची मेख आहे. काम करणारीजवळ तासांचा हिशेब नसतो, म्हणून ती जो मिळेल तो भाव घेते. व्यापाऱ्याजवळही तो नसतो, कारण त्याने कधी शिवून पाहिले नाही, म्हणून शेजारचा जे देतो तेच तो देतो. पाव किलो कात्रणाच्या भावात दोन रुपये इकडेतिकडे झाले तर आपण घासाघीस करतो, आणि १६ तासांची मजुरी मात्र अंदाजाने ठरवतो. ज्या गोधडीत कापडाची किंमत चिल्लर आहे तिची खरी किंमत दुसरी कशाची असणार?

मजुरी वारावर ठरवावी, नगावर नाही, अशी माझी सूचना आहे. गोधडीचे क्षेत्रफळ आणि ओळींमधले अंतर धरले की वार किती ते निघते, त्यात भांडणाला जागा नाही. अर्ध्या इंचाची गोधडी आणि एक इंचाची गोधडी दुरून सारखी दिसते, पण दुसरीत टाके निम्मे असतात. नगावर भाव ठेवला की बाई साहजिकच ओळी लांब घालते, माल सैल होतो, आणि पुन्हा दोष तिलाच. तासाचा दर आधी ठरवावा, आपल्या गावात शिवणकामाच्या कारागिराला दिवसाला जे मिळते त्यापेक्षा कमी नाही, आणि त्यावरून वाराचा दर काढावा. अशा हिशेबाने गोधडी महाग होईल, आणि प्रत्येक गिऱ्हाईक ती घेणार नाही. सिंथेटिक ब्लँकेटच्या भावात जो गोधडी मागतो त्याला ब्लँकेटच द्यावे.

ज्यांना ऑर्डर घ्यायची आहे त्यांनी पहिल्या दुपट्याबरोबर वहीत चार आकडे ठेवावेत : कात्रण किती ग्रॅम, दोरा किती, शिवण किती वार, तास किती. मग तेच दुपटे साध्या साबणाने दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, पुन्हा फूटपट्टीने मोजावे. ४८ इंचांचे ४६ झाले असेल तर ऑर्डरच्या गोधड्या तेवढ्या वाढवून कापाव्यात. नमुना म्हणून गिऱ्हाइकासमोर हाच धुतलेला नग ठेवावा, कोरा नाही.